उंबऱ्यावरची पुडी

पुडी उंबऱ्यावर पडली होती, वाऱ्याने जराशी कलंडलेली, आणि जात्याशी बसल्या जागेवरून राधाबाईंना तिच्यावरचा एकच शब्द दिसत होता – ‘सोवळ्यातले’. त्याखालचं ‘मेतकूट’ सावलीत गेलं होतं. छापखान्याचे रमाकांत सकाळी नमुना ठेवून गेले होते. राधाबाई सोवळ्यात, म्हणून हातात न देता, लांबूनच. “संध्याकाळी येतो. तो शब्द ठेवायचा की काढायचा तेवढं सांगा, म्हणजे छापायला घेतो.”

ठेवायचा की काढायचा... जातं फिरत होतं, आणि सोमवारच्या उपासात भाजलेल्या डाळींचा वास खोलीभर दरवळत होता. गिरगावातल्या या खोलीत बायकांचं मंडळ उभं राहिलं ते या शब्दावरच. व्रतंवैकल्यं करणाऱ्या बायका डोळे मिटून डबा भरून न्यायच्या. पण त्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या सुना पार्ल्याला राहायला गेल्या, मेतकूट डब्यातच राहू लागलं. असंच चाललं तर दिवाळीला मंडळाला कुलूप – आणि मग चंपासारखीनं, जिच्या मागेपुढे कुणी नाही तिनं, जायचं कुठे? म्हणून राधाबाईच म्हणाल्या होत्या, बाहेरच्यांना बोलावू, त्यांना विचारू. आणि कमललाही त्यांनीच बोलावलं.

कमल, नायगावची मास्तरीण. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात भेटलेली. लाठ्या सुरू झाल्या आणि राधाबाई भर रस्त्यात खुळ्यासारख्या उभ्या, तेव्हा “अहो ताई, पळा की!” म्हणत तिनं मनगट धरून त्यांना गल्लीत ओढलं होतं. किती घट्ट धरलं होतं! मग दम खाताना तिनं नाव सांगितलं, बीडीडी चाळ सांगितली, दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेही सांगितलं, अगदी सहज... आणि घरी येऊन आपण नेसत्या लुगड्यानिशी अंघोळ केली. धूळ फार होती. धुळीमुळेच.

परवा मंडळात ती म्हणाली, “लहान पुड्या करा. गिरणीतला माणूस डबा घेऊन येत नाही, भातापुरतं नेतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. “आणि पुडीवरचा तो शब्द काढा.”

“अगं बाई! सूचना मागितली होती,” चंपा फणकारली, “शिकवणी नव्हे.”

कमल हसली होती. “माझ्या आईला तुमचं मेतकूट फार आवडतं, राधाताई. तिला वाचता येत नाही, म्हणून.”

कुणीच हसलं नाही. ती गेल्यावर चंपानं तिचा पाट उचलून मोरीत नेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि राधाबाई देवापुढे माळ ओढत होत्या... जपात बोलायचं नसतं. नसतंच बोलायचं.

उन्हं उतरली. दारात रमाकांतांच्या चपला वाजल्या.

“काय ठरलं?”

“पुड्या करायच्या,” आतून चंपाच म्हणाली, “पण शब्दाला हात लावायचा नाही हं! तो काढला तर आपल्यात आणि कोपऱ्यावरच्या वाण्यात फरक तो काय?”

फरक काय... जात्याचा खुंटा राधाबाईंच्या हातात तसाच राहिला. इतकी वर्षं पहाटेचं गार पाणी, ओलं नेसणं, उपास – आणि हा शब्द खरवडला तर खाली आपण उरतो का? देव रागावेल याचं त्यांना भय वाटत नव्हतं, हे त्यांना आत्ताच कळत होतं. भय दुसरंच होतं.

त्या उठल्या. सुपातली निम्मी डाळ अजून दळायची होती.

“राधाबाई, सोवळं–” रमाकांत दचकून म्हणाले. तोवर पुडी राधाबाईंच्या हातात होती. आत भांडं आदळल्याचा आवाज झाला.

त्यांनी शब्दावर अंगठा ठेवला. खाली नुसतं ‘मेतकूट’. उघडंबोडकं, कुणाचंही. आईला वाचता येत नाही, म्हणून... मनगट ठणकत होतं, दळणानं असेल.

“मग काढू म्हणता?”

अंगठ्याखालचा कागद घामानं ओलसर होत चालला होता. अंगठा उचलला तर शब्द दिसणार, आणि नाही उचलला तरी... तो तिथेच होता, ठशानं कागदात रुतलेला, बोटाला लागत होता.