ओघळांची शर्यत

केक सकाळीच करून ठेवला होता. तो पूर्ण गार झाल्याशिवाय त्याच्यावर पांढरं ओतायचं नाही, हे मला आता कोणी शिकवायला नको. गरम केकवर ओतलं की ते आत जिरतं आणि वर नुसते चिकट डाग राहतात. पांढरं म्हणजे ग्लेझ. पिठीसाखर चाळून घ्यायची, तिच्यात लिंबाचा रस पिळायचा, थेंब थेंब पाणी घालत घोटायचं, झालं. ना गॅस लागतो, ना अक्कल. त्याला ग्लेझ म्हणणारा आमच्या घरात एकच माणूस होता आणि तो गेला. आम्ही दोघं आधीपासून पांढरंच म्हणतो.

तो म्हणजे आमचा लेक. इमारती रंगवायचा. भिंतीवर रंगाचा एक ओघळ दिसला तर भरल्या ताटावरून उठून पुसायला धावेल असा माणूस, पण केकवर मात्र मुद्दाम ओघळ सोडायचा. त्याच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. तिच्या पहिल्या वाढदिवसापासून त्याने हे खूळ काढलं. वाडगा उंच धरून केकच्या मधोमध पांढरं ओतायचं. ते पसरत पसरत कडेला येतं, जरा थबकतं आणि मग त्याचे ओघळ खाली सुटतात. प्रत्येकाने आपापला ओघळ धरायचा, आणि ज्याचा आधी ताटलीला टेकेल त्याला पहिला तुकडा. म्हणून आमच्याकडे नियमच होता, की घरातली सगळी माणसं टेबलाभोवती जमल्याशिवाय पांढरं ओतायचं नाही. एकदा आमचे हे आंघोळीला गेले होते, तर लेकाने त्यांना तसंच टॉवेलावर बाहेर बोलावलं होतं.

भिंगरी जेमतेम तीन वर्षांची असताना रंगकामासाठी बांधलेल्या परांचीची एक फळी त्याच्या पायाखालून निसटली. त्याच्यापुढचं मी सांगत नाही.

सूनबाईने नंतर दुसरं लग्न केलं. तिच्यावर माझा राग नाही. खोटं कशाला बोलू, होता, चांगला होता, पण तरण्या बाईने जन्मभर आमच्यासारख्या दोन म्हाताऱ्यांची तोंडं बघत बसावं असं म्हणायला माझीच जीभ रेटेना. आज ती, तिचा नवरा आणि भिंगरी परदेशी निघाले होते, कायमचे. विमानतळावर जाता जाता दुपारी आमच्याकडे येणार होते. पोरीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात होता, तो आम्ही आजच करणार होतो.

मला एकच गोष्ट हवी होती. जाण्याआधी भिंगरीने ती शर्यत एकदा बघावी. बापाचा चेहरा तिला आठवत नसणार, हे मी धरूनच चालले होते. पण ओघळ सुटले की तो "पळ, पळ, पळ!" म्हणून ओरडायचा आणि ती टेबलावर तळहात आपटायची. ते कुठेतरी आत राहिलं असेल, डोळ्यांपुढे आलं की वर येईल, आणि बापाची तेवढी एक गोष्ट तरी ती बरोबर घेऊन जाईल, अशी वेडी आशा मी धरून बसले होते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि म्हणून हे लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. "आत काय काय सैल असतं ते मला माहीत आहे," म्हणतात. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, गुडघे कुरकुरतात, तरी ह्यांचा जिनाच. अख्खी इमारत हसते. त्यात मधुमेह. त्यामुळे आमच्या घरात साखरेचा कण नसतो. आल्यागेल्यालाही बिनसाखरेचा चहा पाजून मोकळे होतो. पिठीसाखरेचा पुडा मी खास आजच्यासाठी आणला होता आणि तो सगळाच्या सगळा वाडग्यात गेला.

पण पांढरं झालं होतं झकास. चमच्यातून धार सोडली तर ती वाडग्यात क्षणभर रेघ होऊन राहिली आणि मग बुजली. अगदी असंच हवं असतं. उघडं राहिलं तर त्याच्यावर पापुद्रा धरतो, म्हणून वाडग्यावर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही दोघं वाट बघायला लागलो.

जेवायची वेळ टळली. सूनबाईचा फोन आला, "आई, सामान आवरता आवरत नाहीये, निघतोच आहोत." मग पुन्हा फोन, पुन्हा निघतोच आहोत. हे बाल्कनीत जाऊन रस्ता न्याहाळायचे, तेवढ्यात मी फडकं उचलून बघायची. पापुद्रा धरू लागलेला असायचा. मी चार थेंब पाणी घालायची, घोटायची आणि फडकं होतं तसं ठेवून द्यायची. ह्यांना काही बोलले नाही. लेक गेल्यापासून आम्ही एकमेकांसमोर त्याची गोष्ट काढत नाही. असं काही ठरवलं नव्हतं, पण कडक पाळतो. पांढरं म्हटलं की तो आलाच, म्हणून वाडग्याबद्दलही आम्ही मूग गिळून बसलो होतो. हे मधूनच उठून स्वयंपाकघरात जायचे. मला वाटायचं, पाणी प्यायला जातात.

शेवटी बेल वाजली. भिंगरी केवढी उंच झाली होती! अंगात नवा कोट, पाठीवर पिशवी, पुढचे दात पडलेले. "आजी, आम्ही विमानात जेवणार आहोत," ती आल्या आल्या म्हणाली. मी तिला इतकं जवळ घेतलं की ती अवघडून गेली. सूनबाई दारातच उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"आई, दहाच मिनिटं. गाडी खाली चालूच ठेवलीय."

"दहा तर दहा," मी म्हटलं. "बसा टेबलाशी. अहो, तुम्हीपण या."

फडकं उचलून मी चमचा बुडवला. चमच्यातून ताकासारखं पाणी पडलं. रेघ नाही की काही नाही. हे माझ्या खांद्यावरून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचं तोंड पाहूनच समजले.

"तुम्ही पाणी घातलंत?"

"थोडंसंच. पापुद्रा धरत होता गं. तू कुठे लक्ष देत होतीस?"

"मी सारखी घालत होते!"

ह्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. "आलोच. कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणतो."

"अहो, लिफ्टने जा! आजच्या दिवस लिफ्टने जा!"

पण जिन्यावर चपलांचा आवाज सुरूदेखील झाला होता. ह्यांचा मोबाइल फ्रिजवर तसाच पडलेला.

मी भिंगरीजवळ बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, "तुला शर्यत आठवते का गं? केकवर ओघळ सोडायचे, आणि मग आपण आपापला ओघळ धरायचा?"

तिने आईकडे बघितलं. शाळेत उत्तर येत नसलं की मुलं बघतात तसं. "नाही," ती म्हणाली.

"अगं, तू टेबलावर हात आपटायचीस. बाबा वाडगा असा उंच धरायचा..."

"बाबा खाली गाडीत आहे," भिंगरी म्हणाली. मला मदत करावी अशाच समजूतदार आवाजात म्हणाली.

सूनबाईने तोंड फिरवलं. "आई, मी शिकवलं नाही तिला. तीच म्हणायला लागली." मग पोरीला म्हणाली, "बाळा, आजी तुझ्या आधीच्या..." आणि तिथेच थांबली. पुढचा शब्द तिलाही उच्चारता आला नाही.

खालून हॉर्न वाजला. मी जिन्याकडे कान लावून बसले होते. चपला वाजत नव्हत्या. सूनबाईचा फोन वाजला, तिने नुसतं "हो, हो" म्हटलं आणि पर्स खांद्याला लावली.

"आई, खरंच थांबता येत नाही. विमान चुकेल. आजोबा वाटेत दिसतील, तिथे गाडी थांबवते मी."

तेव्हा मी ते केलं. ह्यांची वाट न बघता वाडगा उचलला, हात जाईल तेवढा उंच नेला आणि म्हटलं, "भिंगरी, बघ हं! तुझा कुठला ते सांग!" आणि ओतलं. ते पाणी केकवर ठरलंच नाही. कडेला थबकलंही नाही. चारी बाजूंनी एकदमच खाली उतरलं आणि ताटलीत त्याचं तळं झालं. पोरगी बोट वर करत होती, तिचं बोट अर्ध्यातच राहिलं.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं," मी म्हटलं.

"छान होतं," ती म्हणाली. आईने तिला चांगलं वळण लावलं आहे, ते नाकारता येत नाही. मी खालून भिजलेल्या केकचा अर्धा भाग कापून डब्यात घालून दिला. सूनबाई वाकून पाया पडली आणि माझ्या गुडघ्याला धरून हमसून हमसून रडली. मी रडले नाही. मला कोरडं पडल्यासारखं झालं होतं.

लिफ्टचं दार लागलं आणि लिफ्ट खाली गेली. नेमके तेव्हाच जिन्यावर ह्यांचे पाय ऐकू आले. दुसऱ्या मजल्याच्या आसपास असतील, ठसका लागला होता. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "अहो, लिफ्टमध्ये आहेत त्या! खाली जा, खाली!" ह्यांना वाटलं मी लवकर वर या म्हणतेय. हे आणखी जोराने वर यायला लागले. लिफ्ट ह्यांच्या शेजारून खाली निघून गेली.

बाल्कनीतून मी गाडी बघितली. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी ती थांबली. सूनबाई उतरून आत गेली, बाहेर आली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मी हात हलवत होते, तिचं वर लक्ष नव्हतं. मग ती गाडीत बसली.

हे दारात उभे होते, शर्ट घामाने भिजलेला, पुडा छातीशी धरलेला. टेबलाकडे बघितलं. अर्धा केक, ताटलीत तळं, रिकामा वाडगा.

"ओतलंस?"

"थांबत नव्हत्या हो."

ह्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. मला वाटलं आता चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. पण हे स्वयंपाकघरात गेले, वाडगा धुतला, चाळण घेतली आणि पिठीसाखर चाळायला लागले. साखर न खाणारा माणूस, बाहीपर्यंत पांढरा झाला.

"आता कुणासाठी?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कोण यायचंय आता ह्या घरात?"

ह्यांनी लिंबू पिळलं. पाणी घालताना प्रत्येक थेंबाला हात आखडत होता. घोटून झालं तसा वाडगा घेऊन टेबलाशी आले आणि हात वर नेला.

"तो असाच धरायचा ना?" ह्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मान हलवली.

पांढरं जाडसर पडलं, पसरलं, कडेला येऊन थबकलं. मग त्याचे दोन ओघळ सुटले. हे डावीकडच्याकडे बघत होते, म्हणून मी उजवा धरला. कोणी ओरडलं नाही. अर्ध्यावर आल्यावर ते हळू झाले, आणखी हळू झाले आणि तिथेच थांबले. आम्ही दोघं ते वाळेपर्यंत बघत बसलो. पहिला तुकडा कोणाचाच झाला नाही.