नाचायला डोकं लागत नाही

भरतेशने सिंथ, म्हणजे बटणांवर वाजणारं मशीन, विकत आणलं त्या आठवड्यापासून आमच्या श्रोत्यांची डोकी यायची बंद झाली. बाकीची माणसं वेळेवर येत होती. गोडाऊनच्या दारात चपला काढत, आत येत आणि मानेपासून खाली व्यवस्थित नाचत.

सांगलीत बँड म्हटलं की लोक वरातीचा दर विचारतात. तरीही आम्ही तिघांनी रॉक बँड काढला होता. भरतेश गायचा, मुजावर ड्रम वाजवायचा, मी गिटार वाजवायचो आणि गाणी लिहायचो. भरतेशच्या वडिलांचं हळदीचं गोडाऊन रिकामं पडलं होतं, तिथे रविवारी दुपारी आमचा कार्यक्रम व्हायचा. मोजकी माणसं यायची, पोत्यांवर बसून ऐकायची. आमची एक रीत होती. नवं गाणं पहिल्यांदा वाजवताना दार लावून दिवे घालवायचे आणि समोरच्यांनी टाळी वाजवायची नाही. गाणं उभं राहिलं की पडलं, हे आम्हाला अंधारात लोकांच्या श्वासावरून कळायचं.

सिंथ आल्यावर रीत मोडली. श्वास घ्यायला समोर नाकंच नव्हती.

"अरे, यांना डोकी नाहीत," मी भरतेशला म्हणालो.

"नाचायला डोकं कशाला लागतंय?" तो म्हणाला. "गर्दी बघ की."

गर्दी होती, हे खरं. भरतेशने चमचमता शर्ट शिवून घेतला होता. एक बटण दाबून तो दोन्ही हात वर करायचा, जणू ते बटण त्यानेच शोधून काढलं होतं. माझे शब्द त्याने टाकून दिले. आता तो नुसतं "ये, ये" म्हणायचा, आणि तेही बऱ्याचदा मशीनच त्याच्या वतीने म्हणायचं. ठेका मशीन देत असल्यामुळे मुजावर मागे बसून भडंग खायचा. ज्या माणसाच्या हाताखाली ड्रमची कातडी फाटायची, तो आता दाण्यांची सालं फुंकत होता. मला दोघांचीही किळस यायला लागली.

तरी मी बँड सोडला नाही, तो मृणालमुळे. ती पहिल्या रविवारपासून खांबाजवळच्या पोत्यावर बसायची. माझी गाणी तिला पाठ होती, मी ओळ विसरलो तर तिचे ओठ हलायचे. तिच्यासाठी मी एक संथ गाणं लिहिलं होतं आणि ते तिला अजून ऐकवलं नव्हतं. सगळ्या गोडाऊनमध्ये तिचं तेवढं एकच डोकं उरलं होतं आणि ते माझ्याकडे बघायचं.

पुढच्या रविवारी माणसं खांद्यांशिवाय आली, त्याच्या पुढच्या रविवारी कमरेपासून खाली. भरतेश खूश होता. वर हवा खेळती राहते, म्हणाला. जमिनीवरची जुनी हळद लागून सगळ्यांची पावलं नवरीसारखी पिवळी झाली होती. मृणाल आली तेव्हा भुवयांच्या वर तिला काही नव्हतं.

"केस कुठं गेले तुझे?" मी विचारलं.

"बरं वाटतंय असं," ती म्हणाली. "नवीन गाणी चांगली करताय हं तुम्ही."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. कपाळानंतर कान जाणार होते.

"आज माझं गाणं घ्यायचं," मी भरतेशला म्हणालो. "रीतीप्रमाणं, अंधारात."

"संथ हाय नव्हं ते? लोक कंटाळतील."

"लोक कुठं आहेत?"

"पुढच्या रविवारी घे की. आज मशीन लावून झालंय."

मुजावरने भरतेशच्या बाजूने मान हलवली. मी भित्रा असल्यामुळे पुढचा रविवार कबूल केला.

पुढच्या रविवारी मृणाल गुडघ्यापासून खाली आली. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, त्यावरून मी तिला ओळखलं. ती पोत्यावर बसली नाही. बसायला जे लागतं ते तिच्याकडे उरलं नव्हतं.

मी दार लावलं, दिवे घालवले, सिंथची वायर काढली आणि गाणं सुरू केलं. इतकं नीट मी आयुष्यात काही वाजवलं नव्हतं. अंधारात श्वास नव्हता. पावलं सिग्नलला थांबल्यासारखी गाणं संपायची वाट बघत होती. पहिलं कडवं झालं, आणि खांबाजवळ पायाचा एक अंगठा जमिनीवर आपटू लागला. गाण्याच्या दुप्पट वेगाने, समजूत घातल्यासारखा.

"मृणाल, ऐक ना," मी वाजवता वाजवता म्हणालो. "हे तुझं गाणं आहे."

अंगठा थांबला नाही. त्याला दुसरा पाय मिळाला, मग गोडाऊनभर सगळे मिळाले. हाताची लय बदलू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण ती तिथे होती आणि तिच्यापर्यंत जायला दुसरी वाट नव्हती. माझा हात तिच्या अंगठ्यामागे धावू लागला. शब्द मागे पडत होते, ते मी सोडून दिले.

"आता कसं," भरतेश म्हणाला. त्याचा आवाज अंधारात माझ्या कमरेच्या उंचीवरून आला.

कपाळावर घाम आला असेल, म्हणून तो पुसायला मी हात वर नेला. हात वर गेला, आणखी वर गेला, आणि कुठेच टेकला नाही.