पितळी डब्यातला राऊटर

माझ्या कपाळावर चार हिरवे दिवे आहेत. त्यांतला तिसरा माहितीची ये-जा सुरू असताना लुकलुकतो. काम कमी असलं तर सावकाश, जास्त असलं तर मोजता येणार नाही इतका भरभर. मित्रांनो, मी आंधळगावातल्या मोतीलाल यांच्या घरचा सहा वर्षांचा जुना राऊटर आहे. तारेतून आलेलं इंटरनेट हवेतून घरभर पोचवणं हे माझं काम.

हे घर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारं. भिंती जाड असल्यानं मोबाईलवर बोलता येतं, पण त्याचं इंटरनेट आत पोचत नाही. घरची लेक दामिनी बारावीत होती तेव्हा तिच्या अभ्यासासाठी मला आणलं. तिला चांगले गुण मिळाले आणि तिची आई कुसुमताई शेजारणींना सांगू लागली, "आमचा राऊटर लय गुणाचा हाये." पुढे दामिनी विज्ञान शिकायला भंडाऱ्याला गेली.

यंदा खांडेनवमीला अवजारांची पूजा झाली. मागाला आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला लावलं तसं कुंकू मलाही लागलं. धाग्यांची बारीक कुस माझ्या जाळीत शिरते, हे कुसुमताईंनी तेव्हा पाहिलं. त्यांनी मला माहेरच्या पितळी डब्यात ठेवलं आणि झाकण तारेपुरतं उघडं सोडलं. त्याच संध्याकाळी मुलगा अनुप नवा मोबाईल घेऊन आला. पुण्यात साड्या विकणाऱ्या सरिताबाईंना मागावर चालू असलेलं काम डोळ्यांनी पाहायचं होतं. पसंत पडलं तर वर्षभराचं काम त्या देणार होत्या.

दोनदा व्हिडिओ कॉल लागला आणि दोनदा अर्ध्यात तुटला. अनुप मोबाईल घेऊन तो जिथून आणला त्या दुकानात गेला. तिथं तो उत्तम चालला.

"दुकानात हसते अन् घरी आला का रुसते," मोतीलाल म्हणाले. "मोबाईल आणला का जावई?"

"बाबा, मले काहून बोलता? पीसच खराब निंगला!"

मोतीलाल हसले, पण त्यांचा धोटा थांबलेला होता. साकोलीच्या भैय्यालालला हा माग हॉटेलात शोभेसाठी मांडायला हवा होता. तो दर आठवड्याला फोन करी आणि मोतीलाल दर वेळी म्हणत, "पाहू." हातात नवं काम नव्हतं. हा कॉल झाला नाही, तर माग जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीला दामिनी आली. तिनं मोबाईल हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "त्या दिवशी घरात आणखी काय बदललं?"

"काई नाही वो," कुसुमताई म्हणाल्या. "राऊटरले फक्त डब्यात ठेवलं. कुस लागत होती त्याले."

"पितळेच्या डब्यात? आई, त्याच्या लहरी धातूतून पार होत नाहीत!"

"मंग मी इतके दिवस मोबाईललेच शिव्या देऊन राहिलो होतो!" अनुप म्हणाला.

कुसुमताई ओशाळल्या. त्यांनी मला बाहेर काढलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि मागासमोरच्या उंच फळीवर ठेवलं. मित्रांनो, मला त्यांचा राग कधीच आला नाही. तुम्हीही आमची धूळ जरूर पुसा. पण एखादी वस्तू जपण्याआधी ती कसं काम करते, तेवढं समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी सरिताबाईंनी सलग चाळीस मिनिटं माग पाहिला. माझा तिसरा दिवा क्षणभरही मंदावला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, पहिल्या बारा साड्यांचं काम आजच सुरू करा."

मोतीलाल मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताना नीट करू लागले. थोड्या वेळानं भैय्यालालचा नेहमीचा फोन आला. अनुपनं तो त्यांच्या कानाशी धरला.

"भैय्या," मोतीलाल म्हणाले, "माग नाही देत. त्याच्यावर काम चालू हाये."