बाहेरची बाजू

सावळापूरच्या शाळेत ममताचा सत्कार होता, आणि फ्लेक्सवर तिच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते. त्यात नवल नाही. पैसे देणाराच मोठा दिसतो. खाली लिहिलं होतं, 'बर्फावर धावणारी आपली वाघीण'. पांढरकवड्याकडच्या या गावात बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो, पण लिहायला काय जातं?

ममता गावाला लागून असलेल्या तांड्यावरची, धावजी राठोडांची लेक. हिवाळी खेळांच्या जागतिक स्पर्धेला देशाचा जो संघ गेला होता, तो अवघा चार माणसांचा, आणि त्यातला एक तर प्रशिक्षक. पायाला लांब पट्ट्या आणि हातात दोन काठ्या घेऊन बर्फावरून दहा किलोमीटर जायचं, या बायकांच्या शर्यतीत आपल्याकडून ती एकटीच होती. ती शेवटून तिसरी आली. गावाला त्याचं काही वाटलं नाही. परदेशात जाऊन हरणंसुद्धा आजवर इथं कोणाला जमलं नव्हतं.

गावाला हसू येत होतं ते भलत्याच गोष्टीचं. सहाव्या किलोमीटरला ममता चांगली चालली होती, आणि एकाएकी चाकोरी सोडून बाजूला झाली. मागून वेगानं येणारीनं हाक दिली तर तिला वाट द्यायची, असा त्या खेळाचा नियम आहे. पण मागं कोणीच नव्हतं. लांबवर नुसतं पांढरं रान. ममता दहा-बारा सेकंद तशीच उभी राहिली आणि मग निघाली. पोरांनी त्या व्हिडिओला गाणं जोडून तो तालुकाभर फिरवला होता.

"काहून थांबली वं ममता?" शाळेच्या ओट्यावर मानीबाईनं विचारलं. "यष्टी येऊन राह्यली होती का मांगून?"

बाया खदखदून हसल्या. ममताही हसली. न हसून सांगते कोणाला?

खरं तर तिला हाक आली होती. आधी नुसती टकटक आली, उजव्या हाताला. काठीचं लोखंडी टोक डांबरावर आपटलं की होते तशी. बर्फात काठी आपटली तर आवाज होत नाही, मऊ रुतते, हे ममताला पक्कं ठाऊक होतं. तरी टकटक येत राहिली, अगदी खांद्याला खांदा लावून. मग सुरभीचा आवाज आला, रोजच्यासारखा, धाप न लागलेला : "बदल."

सुरभी गावातली, तानाबाईची एकुलती लेक. फौजेतून रिटायर होऊन आलेल्या बबनरावांनी या दोघींना चाकांच्या पट्ट्यांवर शिकवलं होतं. बर्फ नाही तर रस्ता सही, म्हणून दोघी पहाटे हायवेवर जात. बबनरावांचा नियम एकच होता. एकीनं कडेला राहायचं, एकीनं बाहेर, ट्रकांच्या बाजूला. आणि किलोमीटरचा दगड आला की बाजू बदलायची. धोका दोघींना सारखा. दोन वर्षं तो नियम कधी मोडला नाही. देशाच्या संघात निवड एकीचीच होणार होती आणि ती सुरभीची होणार, हेही दोघींना माहीत होतं. ती वेगवान होती. ममताला त्याचा राग नव्हता. थोडा असेल, पण मैत्रिणीचा असतो तेवढाच.

त्या पहाटे बबनराव कागदपत्रांसाठी यवतमाळला गेले होते. ट्रकांची रांग लागली होती. एकाच्या वाऱ्यानं आधीच्या पाळीत ममता भेलकांडली होती आणि पोटात भीती बसली होती. पुढच्या वेळी तिची पाळी आली, दगड आला, सुरभी म्हणाली, "बदल."

"एवढा एक दगड राहू दे नं," ममता म्हणाली.

"भित्री!" सुरभी हसली आणि बाहेरच राहिली. तो दगड मागं पडून चारशे पावलंही झाली नसतील. ट्रक थांबला नाही, सापडलाही नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा ममता एकोणीस वर्षांची होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "थेच मधात गेली. मी नोको म्हणत होती." मेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही. त्या एका वाक्याला गावानं हातपाय लावले. पोरगी मस्तीखोर होती, कानात गाणी होती, आईनं डोक्यावर बसवून ठेवली होती. तानाबाईच्या जावांनी बोलणं टाकलं. पाण्यावर गेली तर बाया घागर उचलून सरकायच्या. ममता हे सगळं पाहायची, आणि बाहेरच्या बाजूनं येणारी सुरभीच्या काठीची टकटक कानात घेऊन दोन वर्षं धावत राहिली. सुरभीची जागा तिला मिळाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हिच्या मनात तर दिवसाउजेडी टकटक होती.

आताही ती येत होती. ओट्याच्या उजव्या अंगाला. ममतानं वळून पाहिलं तर तिथं तानाबाई उभी होती.

तिला कोणी बोलावलं नव्हतं. धुतलेलं लुगडं नेसून ती आपणच आली होती. बाया हळूहळू आत सरकल्या.

"मी पाह्यला थो व्हिडिओ," तानाबाई म्हणाली. "शेजारच्या पोराले दहादा लावाले लावला. लोकं हासून राह्यले. मले हासू नाही आलं."

"काकू..."

"कोणाले वाट देल्ली तू?"

साऱ्या जगात हे विचारणारी हीच एक बाई होती. प्रशिक्षकानं विचारलं होतं, थकली का? डॉक्टरनं विचारलं होतं, चक्कर आली का? टकटक इतकी जवळ आली, की कानात नव्हे, दातांत वाजू लागली.

"सुरभीले," ती म्हणाली. मग दोन वर्षं अडलेलं सगळं एका दमात बाहेर आलं. दगड, ट्रकांची रांग, 'बदल', 'राहू दे नं', आणि पोलिसांपुढचं ते वाक्य. "बाहेरची बाजू माही होती, काकू. मी भ्याली. थे माह्या जागी मेली, आन् मी तिच्यावर ढकललं."

तानाबाई रडली नाही. भिंतीला हात टेकून तिनं दोन-तीन श्वास घेतले. ममताला वाटलं, आता ही मारेल, आणि मारलं तर बरं होईल. किंवा जवळ घेईल. खोटं कशाला बोला, मनातून ती त्याचीच वाट पाहत होती.

"मले सांगून काय फायदा?" तानाबाई म्हणाली. "मले माही पोरगी माईत होती. या साऱ्या गावाले सांग."

तिनं ममताचं मनगट धरलं. धरलं ते असं, की बांगडी रुतली. आत भाषण चालू होतं. सरपंच राजदीपभाऊ 'तांड्याची कन्या' म्हणून हात उंचावत होते, तेवढ्यात या दोघी सरळ मंचावर गेल्या. पुढच्या रांगेत बबनराव होते, धावजी होते, आणि ममताची याडी, म्हणजे आई, जमनाबाई नवी ओढणी घेऊन, कौतुकानं मान उंच करून बसली होती.

माईक हातात आला. ममतानं सगळं सांगितलं, ओट्यावर सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता. अर्ध्यातच राजदीपभाऊ पुढं सरसावले, "बरं बरं, पोरगी दमून हाय..."

"बोलू द्या तिले!" तानाबाई ओरडली. दोन वर्षांत तिचा एवढा आवाज गावानं ऐकला नव्हता.

शेवटचं वाक्य झालं. बबनरावांनी तोंड हातांत घेतलं. ज्या मानीबाईनं थट्टा केली होती ती आता टाचणीसारखे डोळे करून जमनाबाईकडे पाहत होती, आणि जमनाबाईच्या शेजारच्या बाया, एकमेकींना न सांगता, वीतभर बाजूला सरकत होत्या.

तानाबाईनं मनगट सोडलं.

"दोन वर्सं मी खाली मान घालून चालली या गावात," ती ममताला म्हणाली. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "आता तुह्या मायची पाळी हाय. तिले सांभाळ."

आणि ती पायऱ्या उतरून, बायांच्या रांगेमधून, ताठ मानेनं घरी गेली.