तिसऱ्या रांगेतला मोह

मी बाक बोलतोय. दचकू नका. इतकी वर्षं माझ्यावर बसून तुम्हीच बोललात, आता जरा मलाही तोंड उघडू द्या.

मी चर्चमधला, तिसऱ्या रांगेतला लाकडी बाक. शिक्षण अर्धवट. दर रविवारी उपदेश ऐकला खरा, पण तो माणसांच्या बुडाखालून. त्यामुळे माझं धर्मशास्त्र थोडं दबलेलं आहे.

सुताराने मला घडवताना एक फळी सुकी घेतली आणि एक ओली. म्हणाला, "देवाच्या घरी उलटून कोण बघतंय!" पुढे ओली फळी सुकली, आक्रसली, आणि माझ्या अंगाला मधोमध फट पडली. नीट बसलात तर मी अगदी देवमाणूस. पण चुळबुळ केलीत की ती फट मिटते आणि असा सणसणीत चिमटा बसतो की भलेभले "हालेलूया!" करून उठतात. मंडळीला वाटतं, आत्म्याने स्पर्श केला. मी कशाला खुलासा करू?

या चिमट्यापायी मला एक विद्या आली. कुठल्या उपदेशाला कोण चुळबुळतं, ते मला बरोबर कळतं. चहाडीवर उपदेश असला की सगळी रांग करकरते. लोभावर असला की चर्चच्या समितीचे अध्यक्ष हलतात. अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे, अन् त्यांच्या खोकल्याच्या औषधाने खोकला सोडून सगळं हलकं होतं.

एका रविवारी पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, विषय काढला, 'समलिंगी संबंध, मोह आणि विश्वास'. आणि काय सांगू, कोणी हललंच नाही! सगळे पाय पसरून, पाठ टेकून, कसे मस्त बसले. दुसऱ्याच्या पापावर माणसाला केवढी ऐसपैस झोप लागते, ते त्या दिवशी पाहिलं. इतक्या निष्पाप लोकांचं वजन मी पहिल्यांदाच पेललं.

करकरलं ते फक्त माझं भिंतीकडचं टोक. तिथे गायक बसतो. चर्चमधली गाणी तोच पुढे उभा राहून उचलायचा; बाकीचे त्याच्या मागून फरफटत यायचे. त्याच्या शेजारी घड्याळजी. दोघं एकाच घरात राहतात, एकाच छत्रीतून येतात, आणि माझ्यावर बसताना मात्र मध्ये गीतांचं जाडजूड पुस्तक ठेवतात. गायकाच्या दुसऱ्या बाजूला त्याची आई, तोंडाने तिखट.

पाळक घाम पुसत म्हणाले, "काही जण म्हणतात, हे पापच. काही म्हणतात, ओढ असणं पाप नाही, तिच्यामागे जाणं पाप. काही म्हणतात, देवानेच तसं घडवलं असेल तर... तर आपण प्रार्थना करू या." पाळकांचं वाक्य अडलं की ते प्रार्थना काढतात. भक्तिमान माणूस, दिवसातून पुष्कळदा अडतो.

अध्यक्षांचं मात्र कधी अडत नाही. उपासना संपल्यावर त्यांनी गायकाला आणि त्याच्या आईला माझ्यावरच बसवलं आणि स्वतःही बसले. पाळक उभेच राहिले, दाराच्या बाजूला.

"हे बघ," अध्यक्ष म्हणाले, "तुझ्यावर परीक्षा आलीय." चर्चच्या भाषेत मोहाला परीक्षा म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, आणि शाळेची आठवणही होते.

आई म्हणाली, "कुठल्या विषयाची?"

"ताई, थट्टा नको. पुढच्या रविवारी याने उभं राहून साक्ष द्यावी. मोह झाला होता, देवाने सोडवलं, घड्याळजी दुसरीकडे राहायला गेले. बस. गाणं त्याचंच राहील. नाही तर गाणं बंद."

"अन् पेपर तपासणार कोण? तुम्ही?"

"मी फक्त मंडळीचं मत सांगतोय."

"मंडळी कधी भेटली तुम्हाला? दुकानात, खोकत?"

अध्यक्ष चुळबुळले. मी माझं कर्तव्य केलं. ते "हालेलूया" म्हणून उठले.

हसलो मी, पण गायक हसला नाही. लहानपणापासून तो इथेच गात आला. देवाशी त्याचं जे काही बोलणं व्हायचं, ते गाण्यातूनच. ते तोंडच बंद करायला निघाले होते हे.

रविवार आला. चर्च खच्चून भरलं. नाताळलाही न दिसणारे लोक आले. दुसऱ्याचा पश्चात्ताप बघायला कोणाला आवडत नाही? गायक पुढे जाऊन उभा राहिला. घड्याळजी आपल्या जागी, मान खाली, बोटं पुस्तकावर.

"मला मोह झाला होता," गायक म्हणाला.

अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली.

"आज सकाळपर्यंत होता. वाटत होतं, तुम्हाला हवं ते म्हणून टाकावं. खोटं तर खोटं, गाणं तरी वाचेल. हाच माझा मोह. त्यातून देवाने मला सोडवलं. घड्याळजी कुठेही जाणार नाहीत. माझी साक्ष संपली."

पाळकांचं पुन्हा अडलं, पण या खेपेला त्यांना प्रार्थनाही सुचली नाही. अध्यक्ष उठून म्हणाले, "शेवटचं गीत माझा पुतण्या सुरू करील." पुतण्याने ते इतक्या वरून सुरू केलं की नुसती मांजरं जागी व्हायची बाकी राहिली.

गायक परत आला. तेवढ्यात माझ्यावरची माणसं पसरून बसली होती; घड्याळजी आणि आई भिंतीकडे रेटले गेले होते. त्याच्या जागेवर रविवारच्या शाळेच्या बाईंची पर्स. मुलांना बायबल शिकवणाऱ्या या बाई फार कडक. त्यांच्यापुढे पाळकसुद्धा पाठांतर करून येतात. गायक उभाच राहिला. आई काही बोलणार, तोच बाईंनी वर पाहिलं.

"तू म्हणालास ते मला पटलेलं नाही. आत्ताच सांगून ठेवते. माझ्या मते ते पापच."

"बरं, बाई."

"पण खोटं बोलला नाहीस, हे मी ऐकलं. आणि तुझ्याशिवाय हे गाणं ऐकवत नाही." त्यांनी पर्स मांडीवर घेतली, शेजारणीला कोपर मारलं आणि स्वतः सरकल्या. "बस आता. म्हण."

तो बसला. बसूनच गायला. सगळ्यांची तोंडं पुढे पुतण्याकडे, आणि सूर मात्र तिसऱ्या रांगेकडे.

अजूनही तसंच चाललंय. गायकाला पुढे उभं करायचं की नाही, हा प्रश्न 'विचाराधीन' आहे. म्हणजे अध्यक्ष विचार करत नाहीत आणि पाळक प्रार्थना करतात. बाई दर रविवारी त्याच्याशी वाद घालतात आणि दर रविवारी त्याची जागा धरून ठेवतात. मी म्हातारा झालो, पाय डगमगतात. कधीतरी मला जळणात काढतील.

तोवर एकच मागणं. मोठी मोठी पुस्तकं वाचून काय ठरवायचं ते ठरवा, भांडा, प्रार्थना करा. पण कोणी येऊन शेजारी उभं राहिलं, तर जरा सरकून घ्या. त्याला धर्मशास्त्र लागत नाही. नुसतं बूड हलवावं लागतं.