जागा कुणी खाल्ली

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली ती तांबडी पट्टी काडीएवढी जाड असेल-नसेल, पण आज तिच्या टोकाला पांढरं काहीच उरलं नव्हतं... काल केसाएवढी फट होती, परवा थोडी जास्त, आणि दोन्ही दिवस रेडिओ केंद्रावर काम करणाऱ्या लुसुंगुने ती पाहून न पाहिल्यासारखी केली होती. आता संगणकाने सरळ लिहूनच दिलं होतं – जागा नाही, रेकॉर्डिंग होणार नाही.

दहा वाजले होते. तीनला न्यिरेंदा मास्तर संध्याकाळच्या बातम्या आणि सरोवरावरच्या वाऱ्याचा इशारा रेकॉर्ड करायला बसणार, सहाला तो रेडिओवर लागणार आणि मग उसिपा मासळी धरणाऱ्या होड्या दिवे घेऊन निघणार. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. रेडिओवर आले त्याला वीस वर्षं झाली. इतकी वर्षं ते थेट वाचत आले, ईस्टरपासून मात्र आधी रेकॉर्ड करायचं म्हणून हटून बसले. म्हातारपणाचा आळस, असं तिने तेव्हा मनात म्हटलं होतं – मनातच कशाला, वहीत लिहिलंही होतं. कारण केंद्राच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मास्तरांवर जरा लक्ष ठेव, त्यांना अजून झेपतंय की नाही ते शुक्रवारपर्यंत लिहून दे. ते गेले तर बातम्या कोण वाचणार, हे त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. लुसुंगुने ती खुर्ची मागितली नव्हती... पण मास्तरांची जीभ अडखळली की तिच्या पोटात काहीतरी गोड हलायचं, हे ती नाकारणार कशी?

तिने म्झुझु शहरात चिमांगोला फोन लावला. रेडिओची यंत्रं तोच दुरुस्त करायचा. तोंडात तळलेल्या मांदासीचा घास ठेवून त्याने सांगितलं की सगळ्यात लठ्ठ कोण ते आधी बघ, बारक्यांच्या मागे लागू नकोस. तिने फोल्डर आकाराप्रमाणे लावले. गाणी एकशे अठरा जीबी, ते ठीकच होतं, गाण्यांशिवाय रेडिओ कसला. जुने कार्यक्रम. मृत्यूच्या सूचना, ज्या एकदा वाचून झाल्या की खरं तर कुणालाच नको असतात, आणि तरी त्या पुसायला आजवर कुणाचा हात धजला नव्हता... मग तिचा स्वतःचा माता-बाल आरोग्याचा कार्यक्रम, प्रत्येक भाग तीन-तीन ठिकाणी ठेवलेला, हरवेल या भीतीने. तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. जास्तीच्या प्रती काढल्या, तर जेमतेम दोनशे एमबी मोकळे झाले. संध्याकाळच्या बातम्यांनाही ते पुरायचे नाहीत, आणि बेरीज तर अजून जुळतच नव्हती – कुठेतरी खूप मोठं काहीतरी बसलं होतं आणि ते दिसत नव्हतं. लपवलेले फोल्डर दाखवायची खूण कुठे असते ते चिमांगोने सांगितलं.

'सराव'. एकशे एकाहत्तर जीबी.

आत रोजची एकेक फाईल होती. ईस्टरनंतरच्या आठवड्यापासून, रविवार सोडून, दुपारी एक ते अडीच. ती घरी आईबरोबर जेवायला जायची ती वेळ. तिने एक फाईल उघडली, हेडफोन लावला. खुर्ची करकरली. पंखा. मग मास्तर – पण सगळ्या किनाऱ्याला ठाऊक असलेला तो भरदार आवाज नव्हे, त्याच्या आतला कुठला तरी, सोललेला. "आग... आग्न... आग्ने..." श्वास. पुन्हा. तिने मोजलं नाही असं ती म्हणेल, पण तिने मोजलं. एकोणिसाव्या खेपेला 'आग्नेय' सबंध निघालं, आणि त्याचं काही कौतुक न करता ते पुढच्या शब्दाकडे वळले.

म्हणजे ईस्टरला ते आजारी पडले आणि नुसता ताप म्हणाले, तो ताप नव्हता, वाचेवर गेलेला झटका होता. समितीला हवं होतं ते हेच. तारखांसकट.

मग तिने जूनमधली एक फाईल उघडली. "न्याम्... न्याम्कं..." – ही तिचीच हाक, न्याम्कंदाविरे; इकडे प्रत्येक बाईला वडिलांच्या कुळाच्या नावाआधी 'न्या' लावून हाक मारतात. ईस्टरपासून ते तिला नुसतं 'बाई' म्हणू लागले होते, बाजारात अनोळखी विक्रेतीला म्हणावं तसं, आणि तो अपमान समजून तिनेही 'मास्तर' सोडून 'सर' धरलं होतं, थंडपणे, सात महिने... चाळीस मिनिटं ते तिचं नाव घेत होते. जमलं नाही. शेवटी हळूच "उद्या" म्हणाले आणि फाईल संपली.

तिने हेडफोन काढला. खिडकीबाहेर सरोवर नेहमीसारखं पांढुरकं चमकत होतं. काय करता येईल? दुसरी डिस्क नाही; चिमांगो आणेल, पण पुढच्या आठवड्यात. गाणी पुसावीत? नाहीतर रेकॉर्ड करूच नये, थेट वाचावं... मीच वाचते आजच्या दिवस. ते वाक्य इतकं तयार, इतकं गुळगुळीत वर आलं की तिला त्याची भीती वाटली.

एक वाजता मास्तर आले. तिला खुर्चीत बघून दारातच थांबले.

"जागा संपलीय," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग होत नाही."

त्यांनी पडद्यावरचं 'सराव' वाचलं. "माझं... आहे ते."

"हो."

"उघडलंस?"

"नाही."

न केलेला गृहपाठ केला म्हणणाऱ्या पोराकडे बघून डोलवावी तशी त्यांनी मान डोलवली. "काढून टाक. झालेला सराव आहे तो."

"सगळा?"

"मला तो परत ऐकवत नाही, बाई."

ते व्हरांड्यात जाऊन डबा उघडून बसले. पुसायला अकरा मिनिटं लागली. एक तारीख, दुसरी तारीख... एखादी फाईल आपल्या फोनवर घेऊन ठेवावी, असं मध्येच मनात आलं. हात पर्समध्ये गेलाही, फोनला लागला, आणि कशासाठी घेतोय – त्यांच्यासाठी की शुक्रवारसाठी – हे त्या हातालाही कळेना, तेव्हा रिकामाच बाहेर आला. वही मात्र पर्समध्येच राहिली.

तीनला मास्तर आत बसले. ती काचेच्या अलीकडे. त्यांनी चष्मा पुसला, खुणेने विचारलं, तिने बोट वर केलं. पहिली बातमी पुलाच्या दुरुस्तीची, दुसरी दवाखान्यातल्या लशींची. आवाज नेहमीचाच, भरदार, किनाऱ्याच्या ओळखीचा, आणि तिला तो आता नेहमीसारखा ऐकूच येईना. प्रत्येक शब्दाखाली दुपारची ती करकरणारी खुर्ची ऐकू येत होती. तिसऱ्या बातमीत एका गावाच्या नावापाशी ते थांबले... श्वासाएवढंच. पोटात ते गोड काही हलायची ती वाट बघत राहिली. हललं नाही. काचेत तिला स्वतःचे ओठ दिसले. ते त्या गावाचं नाव, बिनआवाजी, त्यांच्या आधीच म्हणत होते.