चादरी राहू द्या

टायरवाल्याच्या दुकानासमोर एका मोडक्या स्टुलावर बसून शिटीमास्तर पितळी शिटीच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत होते, आणि भोवती जमलेली मंडळी त्यांना फुकटचे सल्ले देत होती. टेप उलटी गुंडाळताय, असं एकाने सांगितलं. साबणाचं पाणी लावून बघा, असं दुसऱ्याने सुचवलं. टायरवाला तेवढा गप्प होता, कारण त्याच्या हवेच्या टाकीचा पाइप काढून तिथं ही शिटी बसायची होती आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"मास्तर, टाकी फुटली तर?" त्याने शेवटी विचारलंच.

"फुटायची नाही," मास्तर मान वर न करता म्हणाले. "जन्म गेला वाफेशेजारी. तुझ्या हवेला कोण घाबरतो?"

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, आणि शिकले तेही बेताचंच. वसाहतीच्या डोक्यावर जे उंच धुराडं दिसायचं, त्या कोळशावरच्या वीजकेंद्रात ते बॉयलरवर होते. 'शिटीमास्तर' ही पदवी त्यांना वसाहतीतल्या बायकांनी दिली होती. बॉयलरच्या नळ्यांवर काजळी धरते. ती वाफेचा फवारा मारून मधूनमधून झाडावी लागते, नाहीतर कोळसा नुसताच जळतो आणि पाणी काही तापत नाही. झाडलेली काजळी धुराड्यातून बाहेर पडते आणि वाऱ्याची मर्जी असेल तिथं उतरते. वाऱ्याची मर्जी बहुतेक वेळा वसाहतीवरच असायची.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. बायकोने माहेराहून एक पांढरी चादर आणली होती. तिच्या एका कोपऱ्यात तिने स्वतःच्या हाताने हिरवी वेल भरली होती. ती चादर पहिल्यांदा धुऊन दोरीवर घातली आणि नेमकी त्याच दुपारी मास्तरांनी काजळी झाडली. संध्याकाळी ते मजेत घरी आले, तर बायको दारातच चादर दोन्ही हातांनी धरून उभी. चादरीवर काळे ठिपके. ती बोलली असती तर बरं झालं असतं. ती चकार शब्द बोलली नाही, चादर पुन्हा धुवायला घेतली आणि ताट वाढताना भांडी तेवढी जरा जोरात आपटली.

दुसऱ्या दिवशी काजळी झाडायच्या आधी मास्तरांनी बॉयलरची छोटी शिटी दोनदा ओढली. बायको हुशार. तिने पळत जाऊन कपडे आत घेतले आणि शेजारणीला खूण सांगितली. शेजारणीने तिच्या शेजारणीला सांगितली, आणि बघता बघता अख्ख्या वसाहतीला दोन शिट्यांचा अर्थ कळला. साहेबांनी एकदा बोलावून विचारलं की या भलत्या वेळच्या शिट्या कसल्या. मास्तर म्हणाले, शिटी चालते का ते बघत होतो. साहेबांच्या घरचे कपडेही दोरीवरच वाळायचे, त्यामुळे साहेबांनी विषय वाढवला नाही.

काय दिवस होते ते. दोन शिट्या झाल्या की धडाधड दारं उघडायची. बायका तोंडात चिमटे धरून, खांद्यावर कपड्यांचा ढीग टाकून पळायच्या. घाईत याचा सदरा त्याच्या घरात जायचा, आणि मग संध्याकाळभर सदऱ्यांची देवाणघेवाण आणि त्या निमित्ताने गप्पा. जी बाई घरात नसेल तिचे कपडे शेजारीण न सांगता काढायची. मास्तर बॉयलरच्या वरच्या सज्जात उभे राहून हा सगळा गोंधळ बघायचे आणि शेवटची दोरी रिकामी झाल्यावरच फवाऱ्याचं चाक फिरवायचे. तेवढा वेळ आपण या वसाहतीचे राजे आहोत असं त्यांना वाटायचं, आणि तसं वाटून घ्यायला कुणाची हरकत नव्हती.

घरी आल्यावर चादरीची घडी घालणं हे दोघांचं काम. दोन टोकं बायकोच्या हातात, दोन यांच्या. घडी घालण्याआधी ती चादर अशी काही फटकन झटकायची की यांच्या हातातली टोकं सुटायची. "हातात जोर नाही का? दिवसभर चाकं फिरवता ना?" असं ती दरवेळी विचारायची, आणि मास्तर दरवेळी टोकं सोडायचे. खरं सांगायचं तर, पुढे पुढे ते मुद्दामच सोडायचे.

मग बॉयलरला बटणं आली. शिटी भंगारात निघाली ती मास्तरांनी मागून घेतली. ते निवृत्त झाले. काजळी आता केव्हाही झाडली जाऊ लागली, कुणाला सांगणं नाही की सवरणं नाही, आणि बायकांनी दोऱ्या घरात बांधल्या. खोल्यांमधून ओल्या कपड्यांचा वास कायमचा मुक्कामाला आला. बायको गेली. तिने शेवटची घडी घालून ठेवलेली ती चादर कपाटाच्या खालच्या फळीवर तशीच होती. मास्तरांनी ती कधी उलगडली नाही. उलगडली तर पुन्हा घडी घालावी लागणार, आणि ते एकट्याचं काम नव्हे.

आई गेल्यावर लेक त्यांच्याजवळ राहायला आली. ती दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांच्या छातीतली घरघर ऐकायची, आणि संध्याकाळी समोरच्या शिवणवाल्या बाईच्या खोलीत जाऊन बसायची. तिथं हळूहळू आणखी बायका येऊ लागल्या, चार पुरुषही आले. जुना बॉयलर बंद होणार असं कबूल झालं होतं, आणि आता तो आणखी कैक वर्षं चालवायचं घाटत होतं. उन्हाळा दरवर्षी जास्तच चढत होता, विहिरी लवकर आटत होत्या, आणि हे सगळं कोळशाच्या धुरापायी चाललंय असं लेक सगळ्यांना समजावून सांगायची. "जगाचं हवामान आपल्या हातात नाही, पण आपल्या डोक्यावरचं धुराडं तर आहे," शिवणवाली म्हणायची आणि मशीनचं चाक हाताने थांबवायची.

या मुदतवाढीच्या सुनावणीला अधिकारी येणार होते. केंद्राच्या फाटकाशी हवा मोजणारं यंत्र होतं आणि ते हवा स्वच्छ असल्याचं सांगत होतं. त्यावर शिवणवालीचं म्हणणं, धूर काय फाटकातून हजेरी लावून बाहेर जातो का? म्हणून बेत ठरला. सगळ्यांनी एके दिवशी पांढऱ्या चादरी बाहेर वाळत घालायच्या. धूर काळा झाला की शिटी वाजेल. जो तो बाहेर येऊन वर काळा धूर आणि खाली पांढरी चादर असा फोटो काढेल. नंतर त्याच काळवंडलेल्या चादरी सुनावणीत टेबलावर नेऊन टाकायच्या. धूर कधी काळा होणार हे मास्तरांइतकं कुणाला कळणार, आणि शिटी तर त्यांच्याच पलंगाखाली होती.

मास्तर आधी नाहीच म्हणाले. त्या धुरावर तुझं शिक्षण झालं, त्या धुरावर हे घर चाललं, आणि आता मीच त्याच्या नावाने शिटी फुंकू का, असं त्यांनी लेकीला ऐकवलं. लेक वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. तिने नुसतं "माहीत आहे बाबा" म्हटलं, आणि जेवायला बसली. ते त्यांना जास्त लागलं. मग एका दुपारी शिवणवाली स्वतः आली आणि म्हणाली की मास्तर, ती शिटी पुन्हा एकदा ऐकावीशी वाटते हो. झालं. धुराचा प्रश्न राहिला बाजूला, मास्तरांनी पलंगाखालची पेटी ओढली.

तर अशा रीतीने शिटी टायरवाल्याच्या टाकीवर चढली. मास्तर दुकानासमोर धुराड्याकडे तोंड करून बसले. वसाहतीत इतक्या वर्षांनी दोऱ्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांवर चादरी हलत होत्या. दुपार कलली तसा धुराचा रंग बदलू लागला. मास्तरांनी टायरवाल्याला खूण केली, झडप उघडली. हवेवर शिटीचा आवाज जरा घोगरा निघाला, पण तीच होती. एकदा. दोनदा.

धडाधड दारं उघडली. शिवणवाली सगळ्यांच्या पुढे होती. तिने तोंडात चिमटे धरले, सर्रकन चादर ओढली, खांद्यावर टाकली आणि आत पळाली. तिच्यामागून म्हाताऱ्या झालेल्या सगळ्या जणी पळाल्या. गुडघे दुखणाऱ्याही पळाल्या. एकीने तर शेजारणीची चादरही काढली, ती घरी नव्हती म्हणून. तरण्या सुना हातात फोन धरून बघतच राहिल्या. वर काळा धूर झकास आला होता आणि खाली दोऱ्या रिकाम्या.

शिवणवाली उंबरठ्यावर येऊन थांबली. चादर अजून तिच्या खांद्यावरच होती. तिने धुराकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई, बेत माझाच होता की," ती म्हणाली, आणि मग हसू जे फुटलं ते या दारातून त्या दारात पसरत गेलं. टायरवाला पोट धरून खाली बसला. मास्तर हसता हसता डोळे पुसत होते. इतक्या वर्षांनंतर शिटी वाजली आणि एकही बाई विसरली नव्हती. फक्त त्यांच्या घराची दोरी तेवढी पहिल्यापासून रिकामी होती. जी सगळ्यांच्या आधी पळाली असती, ती नव्हती.

संध्याकाळी लेक भाजी चिरत बसली होती आणि तिलाही राहून राहून हसू येत होतं. मास्तर जुन्या गोष्टी काढून बसले. अमकीची चादर तमकीकडे कशी गेली, साहेबांना कसं गप्प केलं. लेक ऐकत होती, मधूनच भर घालत होती.

"मला आठवतं ना," ती म्हणाली. "शिटी झाली की आई धावत यायची. आम्ही तिथंच खेळत असायचो, दोरीखाली. आई आमच्यामधून वाट काढत कपडे न्यायची. मग वरून काळं काळं पडायला लागायचं, आणि आम्ही ते झेलायला तळहात पुढे करायचो."

ती हे हसतच सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि पुढचं वाक्य बोलेपर्यंत तिच्याही ते लक्षात आलं नसावं.

"कपडे आत जायचे बाबा. आम्हाला कुणी आत बोलावलं नाही."

सुरी थांबली. लेकीला लहानपणापासून खोकला होता. थंडीचा आहे, असं तिची आई म्हणायची आणि तिच्या छातीवर गरम कापड ठेवायची. उन्हाळ्यातही ठेवायची. आता लेकीच्या पर्समध्ये औषधाचा फवारा असायचा आणि जिना चढून आली की ती तो तोंडात घ्यायची. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. सज्जातून त्यांना सगळं दिसायचं. दोऱ्या दिसायच्या, बायका दिसायच्या, चिमटेसुद्धा दिसायचे. पोरंही दिसत असणारच. शेवटचा कपडा आत गेला की मैदान मोकळं झालं असं समजून ते चाक फिरवायचे.

"तसं नाही हो," लेक घाईने म्हणाली. "तेव्हा कुणाला काय माहीत होतं."

"चादरी काळ्या होतात हे माहीत होतं," मास्तर म्हणाले.

सकाळी उठल्याबरोबर त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि वसाहतीतल्या प्रत्येक दारावर थाप मारली. उद्या पुन्हा शिटी होणार, हे लोकांना ठाऊक होतं. या खेपेला सवयीने पळू नका, हे शिवणवालीने सगळ्यांना दहादा बजावलं होतं. मास्तर वेगळंच सांगत होते. "दोन शिट्या झाल्या की चादरी राहू द्या. पोरांना आत घ्या." एका म्हातारीला कमी ऐकू यायचं, तिला त्यांनी हाताने खूण करून दाखवलं, एवढी एवढी पोरं, आत. तिने मान हलवली आणि त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. तिचाही एक मुलगा त्या दोऱ्यांखाली खेळून मोठा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी कपाट उघडलं. खालच्या फळीवरची चादर काढली. घडीच्या रेषा पिवळट झाल्या होत्या, वेल मात्र अजून हिरवी होती. लेक म्हणाली, बाबा, दुसरी आहे ना, ही कशाला, ही पुन्हा तशी व्हायची नाही. मास्तर म्हणाले, सगळ्यांत पांढरी हीच आहे. त्यांनी बाहेर जाऊन चादर दोरीवर पसरली, वेल पुढे येईल अशी, आणि चिमटे लावले. एक चिमटा सैल वाटला म्हणून परत येऊन बदलला.

धूर त्या दिवशी उशिरा बदलला. मास्तरांनी झडप उघडली. एकदा, दोनदा. दारं उघडली, बायका बाहेर आल्या, आणि क्षणभर सगळ्यांचे हात दोऱ्यांकडे गेले. मग एकीने पोराचं मनगट धरलं. दुसरीने तान्हं उचललं. सायकली आडव्या पडल्या, चेंडू घरंगळत गटाराकडे गेला आणि तो आणायला निघालेल्या पोराला कमी ऐकणाऱ्या म्हातारीने कॉलर धरून मागे ओढलं. दारं लागली. खिडक्यांमधून फोन पुढे झाले. अंगणात फक्त चादरी उरल्या, आणि सावकाश वरून काळं उतरायला लागलं.

मास्तर दुकानातून निघून आपल्या दोरीशी येऊन उभे राहिले. टायरवाल्याने हाका मारल्या, आत या म्हणून, पण ते हलले नाहीत. पहिला ठिपका चादरीच्या मधोमध पडला. मग वेलीवर पडू लागले. त्यांचा हात एकदा चिमट्यापर्यंत गेला आणि परत आला.

ऊन उतरल्यावर लेक बाहेर आली. दोघांनी मिळून चादर उतरवली. दोन टोकं तिच्या हातात, दोन यांच्या. उद्याच्या सुनावणीचं काय काय राहिलंय ते ती सांगत होती, आणि बोलता बोलता तिने आईच्या सवयीने दोन्ही हात वर उचलले.

"झटकू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांनी आपली टोकं घट्ट धरली होती.

लेकीने हात खाली घेतले. मग दोघं एकमेकांकडे चालत आली, कोपऱ्याला कोपरा लावला, मागे गेली, पुन्हा जवळ आली. काजळी सांडू नये म्हणून ती अगदी हळू चालत होती. शेवटची घडी मास्तरांनी घातली, वेल वर येईल अशी, आणि चादर दोन्ही हातांवर आडवी घेऊन ते घरात गेले.